बोपार्डचा सुतार : मिखाएल टोनेट

सुट्टीच्या दिवशी प्लायवूडची, म्हणजे आपण क्रिओलमध्ये ज्याला कोंत्रप्लाके म्हणतो त्याची, एखादी फळी आणून घरच्या घरी पुस्तकांची मांडणी, भांड्यांचे कपाट किंवा मुलांसाठी मेज तयार करणारे गृहस्थ आपल्या मॉरिशसच्या गावोगावी आढळतात. ते धंद्याने सुतार नसतात. कोणी शिक्षक, कोणी कारकून, तर कोणी बस चालविणारा असतो. हा छंद चांगला आहे. त्याने पैसा वाचतो आणि हाताला वळण लागते. परंतु लाकडाचे पातळ पापुद्रे सरसाने एकमेकांना चिकटवून त्यांतून हलके, टिकाऊ सामान घडवावे, या खटपटीत ज्या माणसाने आपली उमेदीची वर्षे आणि सारी मालमत्ता घातली, त्याची ओळख आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. त्या जर्मन सुताराचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मिखाएल टोनेट यांचा जन्म २ जुलै १७९६ रोजी जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी बोपार्ड या लहानशा गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. घरची स्थिती बेताचीच होती. मुलाने सुतारकाम शिकावे असे ठरले आणि १८१९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मिखाएलने बोपार्डमध्येच स्वतःचे दुकान थाटले. पुढच्याच वर्षी त्याचे लग्न झाले.

त्या काळी खुर्चीची वाकडी पाठ किंवा पाय करावयाचा म्हणजे जाड फळीतून तो आकार कापून काढावा लागे. यात दोन तोटे होते. पुष्कळ लाकूड वाया जाई, आणि जेथे वळण असे तेथे लाकडाचे तंतू मधेच तुटत, त्यामुळे नेमक्या त्याच जागी खुर्ची मोडे. टोनेट यांनी १८३० च्या सुमारास निराळा विचार केला. लाकूड कापून वाकडे करण्याऐवजी तेच वाकविले तर तंतू अखंड राहतील, असे त्यांना वाटले. त्यांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, त्या गरम सरसात शिजविल्या, त्यांची जुडी करून ती लाकडी साच्यात वाकवून आवळली आणि वाळू दिली. साचा काढल्यावर जुडीने आपले वळण सोडले नाही. अशा रीतीने १८३६ च्या सुमारास तयार झालेली खुर्ची वजनाला हलकी, दिसायला नाजूक आणि तरीही भक्कम होती.

लाकडाचे थर चिकटविण्याची युक्ती प्राचीन इजिप्तमधील कारागिरांनाही ठाऊक होती. आजच्या प्लायवूडमध्ये एका थराचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे ठेवतात, म्हणून फळी फाटत नाही व फारशी वाकतही नाही. टोनेट यांना लाकूड वाकवावयाचेच होते, म्हणून त्यांनी सर्व पट्ट्यांचे तंतू एकाच दिशेने ठेवले. मात्र दोन्हींचा जीव एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे सरस. टोनेट यांना हे इतके पटले होते की १८३७ साली त्यांनी सरस तयार करणारी एक गिरणीच विकत घेतली.

आपली युक्ती दुसऱ्यांनी उचलू नये म्हणून त्यांनी १८४० मध्ये प्रशियाच्या सरकारकडे पेटंट मागितले. ते नाकारण्यात आले. परदेशांतून हक्क मिळविण्याच्या खर्चापायी कर्ज मात्र वाढत गेले. अशा वेळी १८४१ साली कोब्लेन्झ येथील प्रदर्शनात त्यांचे काम ऑस्ट्रियाचे बलाढ्य मंत्री मेटर्निख यांच्या नजरेस पडले. त्यांनी टोनेट यांना व्हिएन्नास येण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे टोनेट १८४२ मध्ये तेथे गेले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात ऑस्ट्रियाच्या दरबाराकडून त्यांना वाकविलेल्या लाकडाच्या कामाचा हक्क मिळाला. पण इकडे बोपार्डमध्ये सावकारांनी त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली. बायको-मुलांनाही गाव सोडून व्हिएन्ना गाठावे लागले. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचे दुकान असलेला हा कारागीर परक्या शहरात दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला.

आपले पूर्वज गाव सोडून समुद्रापार आले आणि दुसऱ्याच्या मळ्यावर राबले. त्यांच्या वंशजांना या प्रसंगाचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

व्हिएन्नात काही वर्षे टोनेट यांनी लिख्टेनस्टाईन घराण्याच्या राजवाड्यातील नक्षीदार लाकडी फरशीचे व खुर्च्यांचे काम केले. १८४९ साली पुन्हा स्वतःचा कारखाना उभारला. त्या सुमारास शहरातील डाऊम नावाच्या कॉफीगृहाने त्यांच्या खुर्च्या मागविल्या आणि त्यांचे नाव झाले. १८५१ च्या लंडन येथील मोठ्या प्रदर्शनात त्यांना कांस्यपदक मिळाले. १८५३ मध्ये त्यांनी धंदा आपल्या पाच मुलांच्या नावे केला, पण देखरेख स्वतःकडेच ठेवली.

आता दूरदूरच्या देशांतून मागणी येऊ लागली, आणि येथेच त्यांची खरी परीक्षा झाली. समुद्रापार उष्ण व दमट हवेच्या देशांत गेलेल्या खुर्च्यांचे थर सुटू लागले. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला तो सरस ओलावा सहन करीना. ज्या युक्तीसाठी घरदार गमावले होते, तीच समुद्रापलीकडे निकामी ठरत होती. गिऱ्हाइकाला दोष देऊन मोकळे होणे, किंवा केवळ कोरड्या हवेच्या देशांतच माल विकणे, हे सोपे होते. टोनेट यांनी तसे केले नाही. साठीला आलेल्या या गृहस्थाने सरसाची वाट सोडली आणि अखंड लाकूडच वाकविण्याचा मार्ग शोधला.

बीच नावाच्या झाडाच्या गोल दांड्यांना भरपूर वाफ दिली की त्या मऊ होतात. परंतु वाकविताना बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जाऊन लाकूड फाटते. टोनेट यांनी त्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट आवळली. पट्टीमुळे बाहेरची बाजू ताणली जात नाही, फक्त आतली बाजू दबते, आणि दांडी न फाटता वळते. १८५६ साली या रीतीचे पेटंट १३ वर्षांसाठी मिळाले. बीचच्या जंगलाजवळ, मोराव्हियातील कोरिचान येथे कारखाना निघाला.

१८५९ मध्ये त्यांची प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. बैठक वेताच्या जाळीची असल्याने ती अंगाला थंड लागते. खुर्ची सुटी करून पाठविता येई. एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या मावत, आणि पोचल्यावर कोणीही त्या जोडू शकत असे. १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांतून दिसणाऱ्या वळणदार लाकडी खुर्च्या याच कुळातल्या होत. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात टोनेट यांना सुवर्णपदक मिळाले. ३ मार्च १८७१ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. पुढे १८८९ मध्ये जर्मनीत फ्रांकेनबर्ग येथेही कारखाना निघाला. बोपार्डच्या जुन्या किल्ल्यातील संग्रहालयात आज त्यांच्या हातच्या खुर्च्या मानाने मांडलेल्या आहेत. ज्या गावाने त्यांचे घर जप्त होताना पाहिले, तेच गाव आता त्यांच्या नावाने ओळखले जाते.

घरी कपाट-मांडणी करणाऱ्या वाचकांना या चरित्रातून एक व्यवहाराची गोष्ट घेता येईल. आपले बेट दमट आहे. टोनेट यांच्या खुर्च्या ज्या हवेत सुटल्या, तशाच हवेत आपण राहतो. म्हणून प्लायवूड घेताना वरचा गुळगुळीत थर पाहून भुलू नये. आतला सरस पाणी सोसणारा आहे की नाही, हे दुकानदाराला आधी विचारावे. फळीच्या कापलेल्या कडा तशाच उघड्या ठेवू नयेत, कारण ओल तेथूनच शिरते; त्यांना रंग किंवा वॉर्निश द्यावे. कपाट ओल्या भिंतीला चिकटवून ठेवू नये व त्याचा तळ जमिनीपासून थोडा उचललेला असावा, म्हणजे ओल आणि कारिया, म्हणजे वाळवी, दोन्हींवर नजर राहते.

आणि एवढे करूनही एखादा थर सुटलाच, तर निराश होऊ नये. चूक कोठे झाली ते पाहावे आणि रीत बदलावी. साठाव्या वर्षी टोनेट यांनी तेच केले. आपल्या मुलांच्या हाती रंधा व करवत देताना त्यांना या बोपार्डच्या सुताराची हकीकतही जरूर सांगावी, असे आम्हांस वाटते.