सुधाकरराव नाईक : पाण्यासाठी वेगळं खातं काढणारे मुख्यमंत्री

तुम्ही मोबाइलवर पाहता तो व्हिडिओ कुठल्यातरी डेटा सेंटरमधून येतो. तिथले सर्व्हर तापतात. ते थंड ठेवायला अनेक ठिकाणी पाणी वापरतात आणि त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडून जातं. मग एवढं पाणी आणायचं कुठून? पाण्याच्या साठ्याचा असा विचार सरकारी कामात आणणारे नेते म्हणजे सुधाकरराव नाईक.

२१ ऑगस्ट १९३४ रोजी यवतमाळ जिल्ह्यात, पुसदजवळच्या गहुलीत त्यांचा जन्म झाला. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक त्यांचे काका. पुसद, महागाव, फुलसावंगी हा सगळा कापसाचा पट्टा. बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर. गावचे सरपंच, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आमदार, मंत्री असं करत जून १९९१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

तोवर मृदसंधारण, लघुसिंचन, सामाजिक वनीकरण, भूजल ही कामं वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती. एकाच शिवारात त्यांचा मेळ बसत नसे. १९९२ मध्ये नाईकांनी स्वतंत्र जलसंधारण विभाग सुरू केला. पाणलोट क्षेत्र धरून माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं करायची, पाऊस पडेल तिथेच पाणी अडवायचं आणि जिरवायचं, ही त्यामागची दिशा होती.

मुंबईतल्या दंगलींनंतर १९९३ मध्ये मुख्यमंत्रिपद गेलं, तरी जलसंधारणाचा आग्रह त्यांनी सोडला नाही. १० मे २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

शेत असो, कारखाना असो की डेटा सेंटर, उपसण्याआधी जमिनीत किती मुरलं हे बघावं लागतं. नाईकांच्या कामाचं महत्त्व म्हणूनच आजही कमी झालेलं नाही.