राणी मेरीची सांकेतिक लिपी (पासवर्डच्या पाठासाठी एक चरित्र)


पासवर्ड मजबूत हवा, हे नुसतं सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा स्कॉटलंडच्या राणी मेरीची गोष्ट सांगून बघा.

मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ चा. अवघी सहा दिवसांची असताना वडील वारले आणि ती राणी झाली. बालपण फ्रान्समध्ये गेले. तिथल्या युवराजाशी लग्न झाले, पण अठरा वर्षांची होता होता ती विधवा झाली. मायदेशी परतल्यावर दुसऱ्या नवऱ्याचा खून झाला, सरदारांनी गादी सोडायला लावली. १५६८ मध्ये ती आसऱ्यासाठी इंग्लंडला, नात्यातल्या राणी एलिझाबेथकडे गेली आणि कैदेतच पडली. थोडीथोडकी नाही, जवळजवळ १९ वर्षे!

१५८६ मध्ये चार्टली इथे कैदेत असताना तिची पत्रे बिअरच्या पिंपातून लपून ये-जा करू लागली. बिचारीला काय माहीत, ही वाट एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम यानेच आखली होती! पत्रे सांकेतिक लिपीत असत. प्रत्येक अक्षराला एक चिन्ह, नेहमीच्या काही शब्दांना वेगळी चिन्हे, शिवाय फसवायला चार निरर्थक चिन्हे. दिसायला भलतेच अवघड. पण इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते. कोणते चिन्ह किती वेळा आले हे मोजत मोजत थॉमस फेलिप्सने सगळी लिपी उलगडली. आपण नाही का, ‘ए’ च्या जागी ॲट द रेट आणि ‘ओ’ च्या जागी शून्य टाकून निश्चिंत होतो? अगदी तसंच. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमला ही अदलाबदल आधीपासून पाठ असते.

अँथनी बॅबिंग्टन या तरुणाने एलिझाबेथच्या खुनाचा कट मेरीला कळवला. लिपीवर विसंबून मेरीने उत्तरात संमती दिली. लिपी नसती तर तिने इतकं उघड लिहिलंच नसतं, असं मला वाटतं. फेलिप्सने तर त्याच पत्राखाली, तिच्याच लिपीत, सहा साथीदारांची नावे विचारणारा मजकूर घुसडला. अकाउंट हॅक झाल्यावर आपल्या नावाने मेसेज जातात ना, तसा.

८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे किल्ल्यात तिचा शिरच्छेद झाला. वय ४४. (लहान वर्गात याचे वर्णन टाळावे.)

तिने १५७८ ते १५८४ या काळात लिहिलेली ५७ पत्रे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होती. त्यांच्या लिपीत एकाच अक्षराला एकाहून जास्त चिन्हे होती. ती पत्रे कोणाची हे कळले २०२३ मध्ये, तेही संगणकाच्या मदतीने.