हवेतल्या धुळीचा आकडा खरा कधी? ॲना मणी यांनी घालून दिलेली शिस्त

समृद्धी महामार्गावरची वर्दळ, सोयाबीनची मळणी, उन्हाळ्यातल्या वावटळी. मेहकर परिसरातली हवा किती धुळकट, हे आता मोबाइलवर पाहिले जाते. पण पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा? याचे उत्तर ॲना मणी यांच्या आयुष्यात सापडते.

कोण होत्या ॲना मणी?
जन्म २३ ऑगस्ट १९१८, त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे. बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केले. १९४५ मध्ये प्रबंध सादर केला, मात्र एम.एस्सी. नसल्याने मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. त्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या आणि हवामान उपकरणांचे शिक्षण घेऊन परतल्या.

महाराष्ट्राशी नाते काय?
१९४८ मध्ये त्या भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातील उपकरण शाखेत रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून येत. १९५३ मध्ये शाखेची सूत्रे त्यांच्याकडे आली; हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. सुमारे १०० उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले आणि ती देशात बनू लागली. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी, असा त्यांचा आग्रह असे.

धुळीशी संबंध कसा?
१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण केंद्रांचे जाळे उभारले. हवेतले कण सूर्यप्रकाश अडवतात, विखुरतात. त्यामुळे जमिनीवर पोहोचणारे ऊन काटेकोर मोजले, की हवेचा गढूळपणा काढता येतो. मणी व सहकाऱ्यांनी भारतातील नोंदींवरून हा अभ्यास केला.

आजची यंत्रे कशी चालतात?
सतत मोजणाऱ्या यंत्रात ठरावीक वेगाने हवा ओढली जाते. कण गाळण-पट्टीवर साचतात. पट्टीतून बीटा किरण सोडतात. धूळ जितकी जास्त, तितके पलीकडे पोहोचणारे किरण कमी. त्यावरून वजन निघते आणि पट्टी पुढे सरकते. स्वस्त सेन्सर मात्र विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधतात. दमट हवेत कण फुगतात आणि आकडा वाढलेला दिसतो. म्हणून प्रमाणित यंत्राशी वेळोवेळी पडताळणी हवी.

वारसा कोणता?
१९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. सौर आणि पवन ऊर्जेच्या त्यांच्या नोंदी पुढे अनेक प्रकल्पांना उपयोगी पडल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुअनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. डॉक्टरेट त्यांना कधीच मिळाली नाही. पण हवेचा आकडा वाचताना आधी यंत्र कधी तपासले हे विचारायचे, ही सवय त्यांच्याच कामातून घेण्यासारखी आहे. दमेकरी रुग्ण किंवा शाळकरी मुलांनी बाहेर पडावे की नाही, हे ठरते ते याच आकड्यावर.