थॉमस विलिस

थॉमस विलिसचा जन्म १६२१ साली इंग्लंडातील ग्रेट बेडविन या गावी झाला. ऑक्सफर्ड येथे तो शिकत असता राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. विलिस राजाच्या बाजूने लढला. १६४६ मध्ये त्यास वैद्यकाची पदवी मिळाली, परंतु आरंभी त्याच्याकडे रोगी फिरकत नसत. तोच आसपासच्या बाजारगावी त्यांच्या शोधार्थ जाई. १६५० मध्ये फाशी दिलेल्या ॲन ग्रीन नामक तरुणीचे शव विच्छेदनासाठी आणले गेले. पेटी उघडताच तिचा श्वास चालू असल्याचे आढळले! विलिस व त्याचा स्नेही विल्यम पेटी यांनी विच्छेदनाचा विचार सोडला आणि उपचार करून तिला जगविले.

रोगी दगावल्यावरही विलिसची जिज्ञासा थांबत नसे. पोटातील गाठीने मरण पावलेल्या एका मनुष्याचे मस्तक त्याने तपासले. मेंदूकडे जाणारी उजवी मोठी धमनी दगडासारखी कठीण होऊन जवळजवळ बुजली होती. मग या मनुष्यास अर्धांगवायू कसा झाला नाही? दुसऱ्या कोणी पोटातील गाठ पाहूनच समाधान मानले असते. विलिसने पाहिले, तो त्याच बाजूची मागील धमनी दुसऱ्या बाजूच्या धमनीच्या तिप्पट मोठी झालेली! मेंदूच्या तळाशी धमन्या एकमेकींस मिळून एक कडे बनते. एक वाट बुजताच रक्ताने त्या कड्यातून दुसरी वाट धरली होती. एका बाजूच्या धमनीत सोडलेला रंगीत द्रव दुसऱ्या बाजूस पोहोचतो, हेही त्याने प्रयोगाने पाहिले. हे कडे पूर्वी काहींनी पाहिले होते. त्याचे प्रयोजन विलिसने उलगडले. १६६४ मध्ये त्याचा मेंदूवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे काढणारा क्रिस्तोफर रेन म्हणजे पुढे लंडनचे सेंट पॉल प्रार्थनामंदिर उभारणारा स्थपती होय.

१६७५ मध्ये विलिस निवर्तला. त्या कड्यास आजही त्याचेच नाव आहे.

१९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ याने जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे क्ष-किरण-चित्र घेतले. आता एम. आर. आय. यंत्राने त्या सुईवाचूनही दिसतात. अशा चित्रांत असे आढळते की, ग्रंथात काढतात तसे परिपूर्ण कडे पुष्कळांना नसतेच. कोणाची मागील जोडधमनी दोऱ्यासारखी बारीक असते, तर कोणाच्या एका बाजूस ती मुळीच नसते. हा रोग नव्हे. अशी माणसे सुखाने जगतात. मात्र एखादी मोठी धमनी अकस्मात बुजली, तर ज्याचे कडे अपुरे, त्यास धोका अधिक. म्हणून मानेतील धमनीवर शस्त्रक्रिया करावयाची असता शल्यवैद्य पुष्कळदा प्रथम त्या रोग्याचे कडे चित्रात पाहून घेतात.