पंडिता रमाबाई आणि रोजची भाकर

उद्यांची चिंता करूं नये, हें सांगणें सोपें आहे. परंतु ज्यांनीं स्वतः उपासमार सोसली त्यांनीं तें आचरून दाखवावें, हें आम्हांस विशेष वाटतें. १८७४ सालीं दुष्काळांत पंडिता रमाबाईंचे आईबाप व वडील बहीण अन्नावांचून वारलीं. पुढें १८८९ सालीं बाईंनीं मुंबईस शारदा सदन काढलें. त्यास अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षेंच साहाय्य देण्याचें वचन दिलें होतें. ती मुदत सरत आली, तोंच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. तरी बाई मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० निराधार मुली घेऊन आल्या. इतक्या जणींस पुरेल एवढा पैसा हातीं नव्हता; भरवसा होता तो प्रभूवर. केडगांवीं मुक्तिसदन वाढलें आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील मंडळी दीड हजारांवर गेली.

मात्र बाई स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं विहिरी खोदविल्या, शेती केली, मुलींस विणकाम व छपाई शिकविली. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. त्यांचें मुक्तिसदन आजहि चालू आहे. विद्यार्थ्यांनो आणि पालकहो, आजचें काम मन लावून करावें व उद्यांचा भार देवावर टाकावा, हाच धडा आपण यांतून घेऊं या.