रतनजी जमशेदजी टाटा

सर रतनजी जमशेदजी टाटा (२० जानेवारी, १८७१ – ५ सप्टेंबर, १९१८) हे भारतीय उद्योगपती, कलासंग्राहक व दानशूर गृहस्थ होते. टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेदजी टाटा यांचे ते धाकटे पुत्र व दोराबजी टाटा यांचे बंधू होत. पूर्ण विचारान्तीच दान द्यावे, हा त्यांच्या मृत्युपत्रातील दंडक सर रतन टाटा न्यासाच्या कार्याचा पाया ठरला.

जीवन

रतनजींचा जन्म मुंबईत झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८९२ साली नवाजबाईंशी त्यांचा विवाह झाला. १९०४ मध्ये वडिलांच्या निधनानंतर दोराबजींसह त्यांनी कौटुंबिक व्यवसायाची धुरा वाहिली. १९१६ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यांना अपत्य नव्हते.

दानकार्य

रतनजींच्या देणग्या धर्म वा ज्ञातीपुरत्या मर्यादित नव्हत्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजास त्यांनी नियमित अर्थसाहाय्य केले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या हक्कांसाठी महात्मा गांधींनी चालविलेल्या लढ्यास त्यांनी एकूण सव्वा लाख रुपये दिले. पाटलिपुत्र येथील उत्खननाचा खर्चही त्यांनी उचलला. त्यातून अनेक स्तंभांच्या मौर्यकालीन सभागृहाचे अवशेष उजेडात आले. १९१२ साली त्यांच्या देणगीतून लंडनमध्ये दारिद्र्य व त्याचे निवारण यांच्या अभ्यासाची सोय झाली. तिचे संचालकपद पुढे अर्थेतिहासकार आर. एच. टॉनी यांनी सांभाळले.

मृत्युपत्र व न्यास

१९१३ साली केलेल्या मृत्युपत्रात रतनजींनी विद्येची अभिवृद्धी, मानवी दुःखाचे निवारण व लोकोपयोगी कार्ये ही उद्दिष्टे नमूद केली. ती व्यापक असल्याने प्रत्यक्ष निवडीची जबाबदारी विश्वस्तांवर आली. त्यांच्यासाठी काही अटी घातलेल्या होत्या. समाजाच्या सामाजिक, आर्थिक व राजकीय हिताच्या प्रश्नांचा तज्ज्ञांकडून अभ्यास करवून व्यवहार्य योजना आखाव्यात. ठरावीक चाकोरीऐवजी विज्ञान व तत्त्वज्ञानातील नव्या ज्ञानाचा आधार घ्यावा. आणि काळजीपूर्वक तयार केलेल्या योजनेशिवाय कोणत्याही नव्या उपक्रमास साहाय्य देऊ नये, असे त्यांनी सुचविले.

इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज येथे वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार १९१९ साली ८० लाख रुपयांच्या निधीतून सर रतन टाटा न्यास स्थापन झाला. त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयास (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मिळाला. नवाजबाईंनी पुढे नवल टाटा यांना दत्तक घेतले. उद्योगपती रतन टाटा (१९३७–२०२४) हे नवल यांचे पुत्र होत.