संत फ्रान्सिस झेवियर

संत फ्रान्सिस झेवियर (जन्म: ७ एप्रिल १५०६, मृत्यू: ३ डिसेंबर १५५२) हे सोळाव्या शतकातील रोमन कॅथलिक धर्मप्रसारक आणि जेसुइट संघाच्या संस्थापकांपैकी एक होते. गोव्यात ते ‘गोंयचो सायब’ या नावाने ओळखले जातात. त्यांचे पार्थिव जुने गोवे येथील बॉम जेझस बॅसिलिकेत आहे. मात्र ज्या वास्तूशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ती त्यांनी पाहिलेली नव्हती. तिची पायाभरणी त्यांच्या मृत्यूनंतर ४२ वर्षांनी झाली.

पूर्वायुष्य

झेवियर यांचा जन्म आजच्या स्पेनच्या उत्तरेकडील नवारा राज्यात, एका सरदार घराण्याच्या गढीत झाला. १५१२ मध्ये कॅस्टिलने हे राज्य जिंकले. घराणे पराभूत पक्षाचे असल्याने गढीचे बुरूज व तट पुढे पाडण्यात आले. १५२५ मध्ये ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि पदवी मिळवून तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागले. त्याच काळात इग्नेशियस लोयोला हे त्यांच्या खोलीत राहावयास आले. सुखवस्तू जीवनाची स्वप्ने पाहणाऱ्या झेवियर यांना वळवण्यास लोयोलांना बराच काळ लागला. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात सहकाऱ्यांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्याची शपथ घेतली. जेसुइट संघाचा उगम तो हाच.

पूर्वेकडील प्रवास

पोर्तुगालच्या राजाने धर्मप्रसारक मागितले, तेव्हा नेमलेला सहकारी आजारी पडल्याने ऐनवेळी झेवियर यांची निवड झाली. ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बन सोडून ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. ते इस्पितळात रुग्णांसोबत राहत, कैद्यांना व कुष्ठरोग्यांना भेटत आणि रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. पुढे दक्षिणेतील मोती काढणाऱ्या परव कोळ्यांमध्ये त्यांनी काम केले. प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करवून त्यांनी ते पाठ केले. भाषेवर मात्र त्यांना कधी प्रभुत्व मिळवता आले नाही. तेथील कोळ्यांना छळणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांविरुद्धही त्यांनी वारंवार तक्रारी केल्या. त्यानंतर मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ मध्ये जपान असा त्यांचा प्रवास झाला. चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असताना किनाऱ्याजवळच्या सांच्यान बेटावर ज्वराने त्यांचे निधन झाले. दहा वर्षांच्या या कार्यकाळात त्यांचे गोव्यातील वास्तव्य थोडेच होते.

धर्मन्यायालयाचा प्रश्न

१६ मे १५४६ रोजी अंबोन बेटावरून राजाला लिहिलेल्या पत्रात झेवियर यांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापण्याची मागणी केली होती. त्यांचा रोख मुख्यतः बाप्तिस्मा घेऊनही यहुदी वा इस्लामी आचार पाळणाऱ्यांवर होता. प्रत्यक्ष न्यायालय १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आले व मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याची झळ गोव्यातील हिंदूंनाही दीर्घकाळ बसली. त्याचा सारा दोष एकट्या झेवियर यांच्यावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु ते पत्र वगळून त्यांचे चरित्र सांगणेही प्रामाणिकपणाचे ठरत नाही.

समाधी आणि बॅसिलिका

सांच्यान येथे पुरलेला देह काही महिन्यांनी बाहेर काढला, तेव्हा तो अविकृत आढळला, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. मलाक्कामार्गे तो मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणला गेला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठवण्यात आला. १६२२ मध्ये झेवियर यांना संतपद मिळाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी पार्थिव बॉम जेझसमध्ये आले.

बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळात झाले. मुख्य भिंती जांभ्या दगडाच्या असून दर्शनी भागातील कोरीव कामासाठी काळा दगड वसईहून आणला होता. आतील बाजू तुलनेने साधी असल्याने सोन्याच्या मुलाम्याची मुख्य वेदी अधिकच उठून दिसते. वेदीकडे तोंड केले असता उजव्या हाताच्या दालनात समाधी आहे. चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातील कारागिरांनी घडवली. तिच्यावर संतचरित्रातील प्रसंग कोरलेले असून त्यांत युरोपीय व भारतीय शैलींचा मिलाफ आहे. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट होय. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोजिनी याने तो दहा वर्षे खपून तयार केला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात उभारण्यात आला. त्यावरील चार ब्राँझ शिल्पपटांत धर्मोपदेश, बाप्तिस्मा, मोरोताई बेटावरील हल्ला आणि सांच्यान येथील मृत्यू हे प्रसंग आहेत. इस्पितळाच्या कोपऱ्यात राहणाऱ्या माणसाची समाधी मेदिची घराण्याच्या वैभवाने सजावी, हा विरोधाभास येथे डोळ्यांत भरतो.

पेटी बरीच उंचावर असल्याने एरवी पार्थिव दुरूनच दिसते. साधारण दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात. असे प्रदर्शन २०२४-२५ मध्ये झाले. जुन्या गोव्यातील इतर चर्चवास्तूंसह बॅसिलिकेचा १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. उघडा जांभा पावसाळ्यात पाणी शोषतो, म्हणून गिलावा पुन्हा द्यावा की नाही, यावर गोव्यात मतभेद आहेत.